तान्ह्या बाळासाठी अंगावरची झोळी निवडताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुरिअरवाला आता आमच्या तालुक्यातल्या लहान गावांपर्यंत येतो आणि मोबाइल, चपला, साड्या यांच्याबरोबर तान्ह्या बाळाला अंगाशी बांधून वागवण्याची झोळीही, म्हणजे जिला विक्रेते बेबी स्लिंग किंवा बेबी कॅरिअर म्हणतात ती, घरोघरी पोहोचू लागली आहे. ही सोय वाईट आहे असे मी म्हणणार नाही. ग्रामीण आरोग्यसेविका म्हणून नोकरी करताना आणि निवृत्त झाल्यावरही ज्या बाळंतिणी मी जवळून पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींना सव्वा महिना उलटायच्या आधीच घरकाम हाती घ्यावे लागते. घरात दुसरे मोठे मूल असते, सासू वावरात गेलेली असते, पाणी भरायचे असते, आणि अशा वेळी बाळ छातीशी असून दोन्ही हात मोकळे राहिले तर त्या बाईचा अर्धा भार हलका होतो. मला काळजी वाटते ती निवडीची. किंमत पाहिली जाते, रंग पाहिला जातो, खोक्यावरच्या हसऱ्या बाळाचे चित्र पाहिले जाते. परंतु आपल्या बाळाचे वजन, त्याची अजून न धरलेली मान, त्याचा श्वास आणि त्याच्या मांड्यांची ठेवण यांचा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो. त्याविषयी आपल्या दैनिकाच्या वाचकांसमोर थोडे सविस्तर मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी वजनाचे सांगते. पट्टे आणि बकल लावलेल्या, जाड पाठीच्या कॅरिअरवर किमान वजन छापलेले असते आणि ते पुष्कळदा सव्वातीन ते साडेतीन किलोच्या आसपास असते. आमच्याकडे पूर्ण दिवसांचे बाळही अनेकदा अडीच-पावणेतीन किलोचेच असते आणि अडीच किलोच्या आतली, म्हणजे वैद्यकशास्त्र ज्यांना कमी वजनाची म्हणते अशी बाळेही प्रत्येक गावात जन्मतात. असे बाळ त्या कॅरिअरमध्ये ठेवले की ते तळाशी घसरते, त्याचे तोंड जाड कापडात दबते, आणि पाय बाहेर काढण्याच्या जागा इतक्या रुंद असतात की मांडीला आधारच मिळत नाही. मग घरचे लोक उंची भरून काढण्यासाठी खाली दुपट्याची घडी सारतात; ती घडी बाळाच्या हालचालीने सरकते आणि बाळ एका अंगाला कलते. म्हणून खोक्यावरचा किमान वजनाचा आकडा आणि आशाताईने शेवटच्या भेटीत बाळाचे केलेले वजन हे दोन्ही शेजारी ठेवून पाहावे, आणि बाळ त्या आकड्याला पोहोचले नसेल तर ती वस्तू कितीही महागाची असली तरी कपाटात ठेवून द्यावी. दोन-तीन महिन्यांनी तीच वस्तू कामाला येईल, पैसे वाया जाणार नाहीत. ज्या वस्तूवर वजनाची मर्यादा छापलेलीच नाही, ती मात्र मुळातच घेऊ नये.

आता श्वासाविषयी, कारण बाकी सगळ्या सोयी त्याच्यानंतर येतात. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने मोठे व जड असते, मानेचे स्नायू दुबळे असतात आणि श्वासनलिका अरुंद व मऊ असते. बाळ कापडात अर्धवर्तुळासारखे वाकले, हनुवटी छातीला टेकली, की ती नलिका दबते आणि आत जाणारी हवा कमी होते. दुसरा धोका असा की पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते आणि कापड किंवा आईची छाती नाकावर दाबली गेली तर त्याला स्वतःहून डोके वळवता येत नाही. या दोन्ही प्रकारांत बाळ रडत नाही, कारण रडायलाही हवा लागते. ते शांत झोपले आहे असे आईला वाटत राहते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये अशा झोळ्यांविषयी जाहीर इशारा दिला, तेव्हा मागील २० वर्षांतील किमान १४ मृत्यू त्यांच्या नोंदीत आलेले होते आणि त्यांतील १२ बाळे चार महिन्यांहून लहान होती. नाक-तोंड दाबले गेले तर एक-दोन मिनिटांतही घात होऊ शकतो, असे त्या इशाऱ्यात स्पष्ट म्हटले होते. अमेरिकेतील आकडे आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे अशा मृत्यूंचे कारण शोधून नोंदवले जाणे अवघड असते, रात्री झोपेत गेले एवढेच सांगितले जाते, आणि बाळाची श्वासनलिका तर जगभर सारखीच असते.

त्यामुळे पिशवीसारखी खोल, एका खांद्यावरून कमरेशी लोंबणारी, बाळाला आडवे आत निजवायची झोळी नवजातासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती स्वस्त असते, पटकन अंगावर चढते आणि बाळ आत गुडूप होते, म्हणून आयांना आवडते. पण बाळ आत दिसेनासे होणे हाच तिचा दोष आहे. शिवाय खालचा तळ मऊ असल्यामुळे बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीकडे जाते आणि चालताना प्रत्येक पावलाला ते आणखी खाली सरकते.

हेच मला वावरातल्या टांगलेल्या झोळीविषयीही म्हणावेसे वाटते, जरी ते ऐकायला अनेकांना आवडणार नाही. निंदणाच्या किंवा वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावरच्या बाभळीला वा कडुनिंबाला लुगड्याची झोळी बांधून त्यात लेकराला निजवण्याची रीत आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि त्यात वाढलेली माणसे आज गावागावांत धडधाकट आहेत, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या लेकराने मान धरली आहे, जे कुशीवर वळू शकते, त्याची गोष्ट वेगळी आणि वीस दिवसांच्या बाळाची गोष्ट वेगळी. वीस दिवसांचे बाळ त्या झोळीत नेमके तसेच वाकते, जसे पिशवीच्या स्लिंगमध्ये वाकते, आणि तिथे तर आई पिकाच्या चार ओळी पुढे, म्हणजे वावराच्या दुसऱ्या टोकाला असते. इतक्या लहान बाळाला निजवायचेच असेल तर सावलीत सपाट खाटेवर, घट्ट गोधडीवर, उताणे निजवावे आणि जवळ कोणी जाणते माणूस बसवावे. टांगलेल्या झोळीशी खेळताना मोठ्या मुलांच्या गळ्याला कापडाचा पीळ पडल्याच्या घटनाही घडतात, म्हणून झोळी मोकळी लोंबत ठेवू नये, हेही जाता जाता सांगते.

मग बाळ कसे असावे? उभे, आईच्या दोन्ही स्तनांच्या मधोमध, पोट आईच्या पोटाशी, डोके एका बाजूला वळलेले आणि गाल आईच्या छातीला टेकलेला. आईने मान किंचित खाली केली की बाळाच्या टाळूचा मुका घेता आला पाहिजे. त्यापेक्षा खाली असेल तर बाळ फार खाली बांधले गेले आहे. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये आपली दोन बोटे सहज बसली पाहिजेत. चेहरा नजर टाकताच दिसला पाहिजे, त्यावर पदर, दुपट्टा, झोळीचे कापड यांपैकी काहीही येता कामा नये; आमच्याकडे दृष्ट लागू नये म्हणून बाळाचे तोंड झाकून नेण्याची सवय आहे, ती झोळीच्या बाबतीत सोडावीच लागेल. कापड पुरेसे घट्ट आहे का, हे पाहण्यासाठी बाळाच्या पाठीवर तळहात ठेवून हलकेच दाबावे: बाळ आधीपासूनच आईला चिकटलेले असेल तर ते हलणार नाही, आणि ते आईकडे सरकले किंवा त्याची वाकलेली पाठ सरळ झाली तर कापड ढिले आहे असे समजावे. घट्ट बांधले तर बाळ गुदमरेल, या भीतीने बहुतेक बायका झोळी सैल ठेवतात. प्रत्यक्षात सैल कापडातच बाळ घसरून गोळा होते, त्यामुळे ही भीती मनातून काढायला मला प्रत्येक बाळंतिणीशी पुष्कळ बोलावे लागत असे.

टोपड्याचे बंद आणि कुंचीची झालर चालताना पुढे येऊन नाकावर बसतात, म्हणून झोळीत असताना डोक्याला बसणारी साधी सुती टोपी पुरे. बाळाच्या गळ्यातला काळा दोरा काढून ठेवावा. श्रद्धेने घालायचाच असेल तर निदान झोळीत असेपर्यंत तरी गळ्यात नको. कापड सेफ्टी पिनेने टाचू नये. बाळ अंगावर असतानाच त्याला पाजायचे असेल तर कापड सैल करून खाली घ्यावे, पण पाजून झाल्यावर न विसरता पुन्हा वर घेऊन घट्ट करावे, कारण दूध पिऊन झोपलेल्या बाळाची मान सर्वांत आधी पडते.

मांड्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक जुना समज फार पक्का आहे, की पाय सरळ करून घट्ट गुंडाळले म्हणजे ते वाकडे होत नाहीत. वास्तविक नवजाताच्या खुब्याची वाटी उथळ आणि कूर्चेची असते, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात हळूहळू रुतून बसायचा असतो, आणि पाय जबरदस्तीने सरळ व जवळ बांधले तर तो गोळा वाटीबाहेर सरकण्याची शक्यता वाढते. ज्या समाजांत बाळांना पाय सरळ करून फळीला बांधण्याची चाल होती, तिथे खुबा निसटण्याचे प्रमाण जास्त आढळले आणि जिथे लेकरू पाय फाकवून पाठीशी किंवा कडेवर वागवतात तिथे ते कमी आढळले, हे अस्थिरोगतज्ज्ञ पुष्कळ वर्षांपासून सांगत आहेत. म्हणून झोळीचे कापड बाळाच्या एका गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खोबणीपर्यंत पसरलेले असावे आणि गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर असावेत. बाळाला उचलल्यावर ते आपोआप पाय पोटाशी घेते, तीच त्याची नैसर्गिक ठेवण. झोळीने तिला फक्त आधार द्यायचा आहे. पाय ओढून जास्त फाकवण्याचीही गरज नाही. ज्या कॅरिअरमध्ये दोन मांड्यांच्या मध्ये अरुंद पट्टी असते आणि पाय सरळ खाली लोंबतात, तो घेऊ नये. बाळाचे तोंड जगाकडे करून बांधण्याचा जो प्रकार जाहिरातींत दिसतो, तो मान न धरलेल्या बाळासाठी नाहीच.

आता कापड. मला विचाराल तर आमच्या हवेसाठी आणि आमच्या बाळांच्या वजनासाठी लांब सुती कापडच सर्वांत चांगले, आणि ते बहुतेक घरांत असतेच. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर भरते. बेताच्या अंगाच्या बाईला समोरून बांधायला साधारण सव्वाचार मीटर कापड लागते, म्हणजे एका लुगड्याचे मधोमध दोन भाग केले तर सडपातळ आईचे काम भागते आणि एक भाग धुवून वाळत असताना दुसरा वापरता येतो. आजीच्या अंगावर धुवून धुवून मऊ झालेले लुगडे बाळाच्या कातडीला नव्या कापडापेक्षा सुखकर असते. मात्र फार जुने कापड जागोजागी विरलेले असते, विशेषतः बसण्याच्या ठिकाणी आणि निऱ्यांच्या घड्यांवर. ते उन्हात धरून पाहावे, दोन माणसांनी दोन टोकांना धरून ताणावे आणि कुठे धागे सरकलेले किंवा विरविरीत दिसले तर त्याची दुपटी करावीत, झोळी करू नये. नवे कापड असेल तर खळ आणि कच्चा रंग जाईपर्यंत दोन-तीनदा धुवावे. नायलॉन, जॉर्जेट, सिंथेटिक साडी या कामाची नाही. ती घसरते, गाठ धरत नाही आणि घाम शोषत नाही. जरीचा काठ बाळाच्या गालाला घासतो. लुगड्याचा पन्हा एवढ्याशा बाळासाठी जास्त असतो, म्हणून वरची कडा दुमडून घ्यावी, म्हणजे जास्तीचे कापड तोंडावर येत नाही.

बांधण्याची रीत अशी. कापडाचा मध्य आईच्या छातीवर धरावा, दोन्ही टोके काखेखालून पाठीवर नेऊन तिथे एकमेकांवरून काट मारावी आणि दोन्ही खांद्यांवरून पुढे आणावीत. पुढच्या आडव्या पट्ट्यात बाळाला उभे बसवून कापड त्याच्या पाठीवरून मानेपर्यंत नीट ओढून घ्यावे. मग खांद्यावरून आलेली दोन्ही टोके ताणून त्या आडव्या पट्ट्याखालून काढावी, बाळाच्या ढुंगणाखाली काट मारून मांड्यांच्या खालून मागे न्यावी आणि कमरेमागे सुरगाठ न मारता पक्की निरगाठ मारावी. वाचताना हे अवघड वाटते, पण लुगडे नेसणाऱ्या किंवा नेसवणाऱ्या बाईच्या हाताला ते लवकर बसते. पहिल्यांदा बाळावर प्रयोग करू नये. अडीच किलो गहू कापडी पिशवीत भरून, ती घट्ट शिवून, खाटेशेजारी उभे राहून सराव करावा. पिशवी घसरली तर खाटेवरच पडेल. वाकायची वेळ आली तर कमरेतून न वाकता गुडघ्यातून बसावे आणि एक हात बाळाच्या डोक्यामागे ठेवावा, ही सवयही त्याच सरावात लागते.

दोन कड्यांची झोळी, म्हणजे साधारण दोन मीटर कापड आणि एका टोकाला शिवलेली धातूची दोन गोल कडी, हीही नवजातासाठी चांगली, कारण कडीतून कापड ओढले की ती हवी तेवढी घट्ट होते. तिच्यात बाळ उभेच ठेवावे. कडीला सांधा असता कामा नये. पडद्याच्या किंवा पर्सच्या कड्या वापरून गावात शिवलेल्या झोळ्या मी पाहिल्या आहेत, त्या कड्या ताणाने उघडू शकतात, म्हणून कडीच्या बाबतीत काटकसर नको. भार एकाच खांद्यावर येतो, त्यामुळे रोज खांदा बदलावा आणि खांद्यावरचे कापड गोळा न करता दंडापर्यंत पसरावे. बनियनसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाची लांब पट्टी लहान बाळाला सुखाची असते, पण बाळाचे वजन वाढले की ती लोंबते आणि आमच्या उन्हाळ्यात तिचे तीन-तीन थर सहन होत नाहीत.

बाळाची सोय पाहताना आईची सोय मागे पडते, म्हणून तिच्याविषयी वेगळे लिहिते. सिझेरियन झालेल्या बाईने टाक्यांवर दाब येईल असा कमरपट्टा किंवा गाठ बांधू नये. कापड छातीच्या उंचीवर ठेवावे, आणि डॉक्टरांनी हालचालीची परवानगी देईपर्यंत बाळाला बसून किंवा रेलूनच अंगावर घ्यावे. आपल्याकडच्या पुष्कळ बाळंतिणींच्या अंगात रक्त कमी असते, त्यांना उभ्याने भोवळ येते. अशा बाईने एकटी असताना बाळ बांधून फिरू नये. खांदे दुखत असतील तर बाळ खूप खाली बांधले आहे किंवा कापड मानेजवळ गोळा झाले आहे, असे बहुधा आढळते. झोळी आईनेच वापरावी असेही नाही. बाप, आजी, आत्या कोणीही बाळ छातीशी घेऊ शकते, आणि बाप घेतो त्या घरात बाळंतिणीला दुपारची झोप मिळते, हे मी पाहिले आहे.

कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तर ही झोळी औषधाइतकी मोलाची आहे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ साली डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी, उष्णपेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून, अशी बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तीच आज आपल्या सरकारी रुग्णालयांत कांगारू मातृसेवा म्हणून दिली जाते. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक किलो ते १,७९९ ग्रॅम वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच अशी सेवा दिली तेव्हा पहिल्या महिन्यातील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा बाळांना जन्मापासूनच दिवसाचे ८ ते २४ तास छातीशी ठेवण्याची शिफारस केली. आठ तास आईने हातांनी धरून बसणे शक्य नाही. तिथे कापडच लागते. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे असावेत, कापडाची वरची कडा कानाच्या किंचित खाली यावी, घट्ट भाग बाळाच्या छातीवर असावा आणि पोटावर आवळ नसावा, म्हणजे श्वासाबरोबर पोट हलायला जागा राहते.

इथेच आमच्या खेड्यांतली मोठी उणीव मला सतावते. जिल्ह्याच्या रुग्णालयात परिचारिका बाळ बांधून देतात, आई ते पाहते, वजन थोडे वाढले की घरी पाठवले जाते, आणि घरी आल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर कोणी शिकवणारे नसते. थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, आमच्याकडे पारा दहा अंशांच्या खाली जातो. तेव्हा तेच बाळ दुपट्यांच्या गाठोड्यात एकटे निजवले जाते आणि शेजारी शेगडी पेटवली जाते. छातीशी बांधलेल्या बाळाला आईच्या अंगाची ऊब शेगडीच्या धुराशिवाय मिळते.

उन्हाळ्याचे गणित उलटे आहे. चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. झोळीचे कापड हा बाळाच्या अंगावरचा एक कपडाच समजावा आणि आत सुती झबल्याखेरीज काही घालू नये. सकाळ-संध्याकाळी झोळी वापरावी, भर दुपारी बाळाला बांधून उन्हात जाऊ नये. मानेमागे आणि पाठीला हात लावून पाहावे. घामाने चिंब किंवा तापलेले लागले तर लगेच सोडून सावलीत न्यावे आणि वारंवार अंगावर पाजावे. सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी नको, उन्हाळ्यातही नको.

काही ठिकाणी झोळी नकोच. चुलीपुढे, उकळत्या भांड्यापाशी, विहिरीच्या काठावर आणि मोटारसायकलवर बाळ बांधून बसू नये. झोळी अपघातात बाळाला वाचवू शकत नाही, आणि आई पडली तर बाळ तिच्या खाली येते. कपाशीच्या वावरात फवारणी चालू असताना किंवा नुकती झाली असताना बाळाला नेऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट शेतकरी आणि मजूर दगावले, तिथे तीन किलोच्या जिवाचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. आपल्या आदिवासी पाड्यांवर लेकरू कापडाने पाठीशी बांधण्याची उत्तम रीत आहे. ती लेकराने मान धरल्यावर, साधारण चार-पाच महिन्यांनंतर, अवश्य वापरावी, त्याआधी बाळ समोर डोळ्यांपुढेच असावे. बाळाचे ओठ निळसर दिसले, ते कण्हत असेल, नाकपुड्या फुगवून किंवा बरगड्या आत ओढून श्वास घेत असेल, हाक मारून वा तळपाय चोळूनही हालचाल करत नसेल, तर तत्काळ झोळी सोडावी, मान सरळ करावी आणि १०८ क्रमांकावर फोन करावा.

घरी जाऊन नवजाताची काळजी घेण्याची पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आपल्याच गडचिरोलीच्या खेड्यांत उभी केली. २०११ पासून ती आशाताईंच्या गृहभेटींच्या रूपाने देशभर गेली. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते आणि कापडी झोळीत घालून स्प्रिंगच्या काट्यावर बाळाचे वजन करते. या सहा भेटींपैकी पहिल्या दोन भेटींत बाळ छातीशी बांधण्याची रीत करून दाखवावी आणि घरातील झोळी किंवा कॅरिअर नजरेखालून घालावे, अशी माझी जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांना विनंती आहे. आशाताईंवर आधीच कामाचा बोजा आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे; म्हणून या कामाचा वेगळा मोबदला त्यांना मिळावा, असेही मी म्हणते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रांत गरोदर मातांची तपासणी होते आणि बायका बराच वेळ बाकावर बसून असतात. तिथे एक लुगडे आणि गव्हाची पिशवी ठेवली तर बाळ जन्मण्याआधीच सराव होईल. बरोबर सासू किंवा नवरा आलेला असतो, तोही पाहील. शिवणकाम करणाऱ्या बचत गटांनी अशा सुती झोळ्या शिवायला घ्याव्यात, त्यावर बांधण्याची चित्रे मराठीत छापावीत, आणि कापड भंडारा-नागपूरकडच्या हातमागावरचे घेता आले तर आपल्या विणकरांच्या हातालाही काम मिळेल.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर बाळाची योग्य व अयोग्य ठेवण दाखवणारी दोन स्पष्ट रेखाचित्रे मोठ्या आकारात छापावीत, ही विनंती. वाचता न येणाऱ्या आजीलाही ती कळतील आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लावता येतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ